किल्ली फिरते की झुलते

या जगात जे जे म्हणून हलतं त्याचे दोनच पंथ आहेत, आणि कुठली वस्तू कोणत्या पंथाची हे ठरल्याशिवाय तिला पुढे हलू देऊ नये, असं मनापासून मानणारा माणूस सबंध बेळगाव जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका जावई म्हणून आमच्या घरात आला. आमच्या थोरल्या आक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी. अंगाने काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि वाटेत काहीही हलताना दिसलं की जागच्या जागी थांबून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहायची सवय. मागून बैलगाडी येवो, सर्व्हिस मोटार येवो, नाही तर प्रेतयात्रा येवो, दाजी हलायचे नाहीत. मनाजोगतं बघून झालं की निकाल द्यायचे, "येरझारीचं हाय," नाही तर "फेऱ्याचं हाय." हा निकाल ऐकायला शेजारी कुणीतरी लागायचं, आणि आक्काच्या लग्नानंतर कित्येक वर्षं तो कुणीतरी मी होतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी की त्यांनी मला ते कधीच थोडक्यात सांगितलं नाही. पाळणा, झोपाळा, घंटेचा लोळा, म्हशीची शेपटी, ही मंडळी एका टोकाला जातात आणि आल्या वाटेनं माघारी येतात, म्हणून ती येरझारीची. जातं, गाडीचं चाक, कुंभाराचं चाक ही गोल फिरत राहतात, म्हणून ती फेऱ्याची. इतपत कुणालाही कळतं. पण आपण "बरोबर आहे" म्हणून पाय उचलला की दाजी आपलं मनगट धरायचे. "बरोबर हाय, पर वळखायचं कसं, मेव्हणं? टोकाला थांबतंय का बघायचं. माघारी फिरायचं म्हटल्यावर आधी थांबाय पायजे. पापणी लवंस्तवर का हुईना, थांबतंय. फेऱ्याचं कधी थांबत न्हाय, कारण त्येला टोकच न्हाय." मग ते थांबणं मला दिसेपर्यंत सुटका नसे. मी निपाणीपासून चार मैलांवरच्या एका गावात मराठी शाळेचा मास्तर. रोज पहाटे चालत निघायचो. वाटेत दाजी भेटले की माझ्या शाळेची घंटा मुलंच वाजवून घ्यायची.

त्यांच्या पहिल्या दिवाळसणाची गोष्ट. जावई पाटावर बसलेले, नवीन कोट घातलेला, आईनं औक्षणाचं तबक हाती घेतलेलं. आमची आई विधवा. त्यामुळे घरच्या पहिल्या जावयाच्या कौतुकात काही कमी पडू नये म्हणून ती पहाटेपासून राबत होती, आणि हात भरून आला होता. तिनं तबक दोनदा ओवाळलं असेल नसेल, तोच दाजी अतिशय नम्रपणे म्हणाले, "सासूबाई, तबक फिरत न्हाय. नुसतं हिकडनं तिकडं जातंय." आईला वाटलं, काहीतरी अपशकुन झाला. तिनं घाबरून ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून, खांद्यातून हात काढून, पाच वेळा चांगलं वाटोळं ओवाळलं. निरांजनाचं तूप नव्या कोटावर सांडलं. "आता फिरलं," दाजी समाधानानं म्हणाले. त्या दिवसापासून आई जावयाला ओवाळताना गवंड्यानं कमान बांधावी तसा जपून हात फिरवायची, आणि मी तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहायचो.

एकदा आम्ही दोघं संकेश्वराच्या वाटेवर एका लग्नाला निघालो होतो. निघालो होतो असंच म्हणायला हवं, कारण पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. वाटेत एका मळ्यात मोट चालू होती. बैल उतारानं जात होते, मोट वर येत होती, पाणी पाटात ओतलं की बैल उलट्या पावली माघारी. दाजी बांधावर बसले. येरझार म्हणावी तर बैल वळत नाहीत, माघारी येताना तोंड पुढेच, पण थांबतात मात्र दोन्ही टोकांना. या विचारात तासभर गेला. मळेवाल्यानं बराच वेळ दम धरला आणि मग विचारलं, "पावणं, बैल घ्यायचा हाय व्हय?" दाजी म्हणाले, "न्हाय, बैल थांबतोय का बघाय बसलोय." तो म्हणाला, "आता तुमी बघतासा म्हणून मी थांबलोय. उठा की वाईच." मी शरमेनं लाल झालो. दाजी उठले, त्याला रामराम घातला, आणि रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "माणूस चांगला हाय. पर बैलाचं चालणं त्येनं कधी बघितलं न्हाय."

निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत ते काट्यावर कारकून होते. तिथं भल्या मोठ्या तराजूवर तंबाखूची बोदं, म्हणजे ठासून भरलेली पोती, चढायची. तराजूचा काटा दोन्ही बाजूंना झुलायचा आणि हळूहळू निवायचा. बाकीचे कारकून काटा मधोमध आलासा वाटला की वजन पुकारायचे. दाजी तो पुरता उभा राहीपर्यंत बघत. झुलणं कमी कमी होत जातं, पण एका झोक्याला लागणारा वेळ तेवढाच राहतो, असं त्यांना वाटे, आणि ते स्वतःची नाडी धरून मोजत बसत. बाहेर गाड्यांची रांग पार वेशीला लागायची. शेवटी मालकांनी त्यांना काट्यावरून काढून दारात गाड्या मोजायला बसवलं. मालकाला काय कल्पना, की गाड्यांना चाकं असतात!

हे वेड आलं कुठून, ते मला आक्कानं सांगितलं. दाजी बेळगावला कॅम्पाजवळ एका नातेवाइकाकडे राहून शिकत होते. एके दिवशी मास्तरांनी वर्गात आढ्याला दोरी बांधून धोंडा लटकवला. एकदा तो झुलवला, एकदा गोल फिरवला, आणि सांगितलं की दोन्हींत फरक काय ते डोळ्यांनी बघून उद्या लिहून आणा. त्याच संध्याकाळी गावाहून माणूस आला, वडील अत्यवस्थ आहेत. दाजी निघाले ते निघालेच. वडील गेले, मोठ्या घराचं खटलं अंगावर पडलं, शाळा सुटली. आक्का हे सांगताना डोळे पुसत होती. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस आणखी चारच दिवस शाळेत राहिला असता तर पुढचा धडा तरफेचा होता, आणि आमच्या घरावरचं संकट टळलं असतं.

संकट म्हणतो ते आडाचं. आमचं घर निपाणीच्या टोकाला. पाणी ओढ्यापलीकडच्या विहिरीचं. उतरण, मग ओढा, मग चढण. आई रोज सकाळी तीन खेपा करायची. तिचा गुडघा दुखायला लागला होता. पायऱ्या उतरताना ती तोंडानं हूं की चूं करायची नाही, पण उतरून झाल्यावर भिंतीला हात लावून थोडी उभी राहायची, ते मला दिसायचं. मला पहाटेच निघायला लागायचं, आणि मास्तरानं घागरी वाहायच्या ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. म्हणून ठरवलं की परसात आड खणायचा. खणणारे गडी मिळाले. पण आमच्याकडची रीत अशी की पाणाड्यानं जागा दाखवून नारळ फोडल्याशिवाय कुठलाही गडी पहिली पहार मारत नाही. पंचक्रोशीत सगळ्यांचा विश्वास असलेला पाणाड्या एकच होता. तो म्हातारा काळ्या दोऱ्याला लोखंडी किल्ली बांधून हातात धरायचा आणि जमिनीवरून हळूहळू चालायचा. किल्ली गोल फिरली तर खाली पाणी. नुसती झुलली तर कोरडं.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र आलं नाही. पाणाड्या येणार त्या दिवशी आक्काला सासरहून मुद्दाम बोलावून घेतलं, आणि तिच्या पाठोपाठ दाजी आले, तेव्हा मी त्यांना चहासुद्धा दिला.

पाणाड्या परसात फिरला आणि लिंबाच्या झाडापाशी थांबला. किल्ली हलायला लागली. "फिरली," तो म्हणाला. "हितं पाणी हाय." आईनं तिथल्या तिथं हात जोडले. नारळ माझ्या हातात होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा थांबा." दाजींचा एक डोळा मिटलेला होता. मी म्हणालो, "दाजी, पाया पडतो तुमच्या." ते म्हणाले, "मेव्हणं, एका जाग्यावरनं बघितलं तर फेरासुद्धा येरझारीगत दिसतो, आनि येरझार फेऱ्यागत वाटती. चारी बाजूंनी बघाय पायजे." आणि त्यांनी खरोखरच आईला उत्तरेला उभं केलं, मला दक्षिणेला, आक्काला पश्चिमेला, आणि स्वतः पूर्वेला उकिडवे बसले. फिरत असेल तर चौघांनाही ती सारखीच हललेली दिसेल. झुलत असेल तर दोघांना हललेली दिसेल आणि दोघांना उभी.

"सासूबाई, हालतीया का?"

"हालतीया बाबा," आई पदर सावरत म्हणाली.

"मेव्हणं?"

मी दात खाऊन म्हणालो, "हालतीय."

"तुला गं?"

आमची आक्का खोटं बोलायला कधी शिकलीच नाही. ती बिचारी खाली बघत म्हणाली, "माझ्याकडनं उभीच दिसतीया."

"माझ्याकडनं बी उभीच हाय," दाजी उठून गुडघे झाडत म्हणाले. "झुलतीया. फिरत न्हाय."

पाणाड्यानं दोरा गोळा केला, किल्ली कनवटीला लावली. "चाळीस वर्सं झाली ह्या किल्लीला. आजपातुर कुणी साक्षीपुरावा मागितला न्हवता. ह्या घरात मी पाय ठेवायचा न्हाय, आनि माझ्या भावकीतलं कुनी बी ठेवायचं न्हाय." तो गेला, त्याच्यामागून पहारी खांद्यावर टाकून गडी गेले. माझ्या हातात नारळ तसाच राहिला. मी दाजींना नाही नाही ते बोललो. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला असं बोलू नये हे मला तेव्हाही माहीत होतं. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पाणी न्हाय असं मी कुठं म्हटलं? पाणी असंल बी. किल्ली फिरत न्हाय, एवढंच म्हटलं." आई आत गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. आड गेला होता, आणि तो पाणाड्या जिवंत असेपर्यंत तरी आता होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाळेला निघालो तर दारात दाजी. कोट काढलेला, धोतराचा काचा मारलेला, आणि खांद्यावर कावड. दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या. मी म्हणालो, "हे काय?" तर म्हणाले, "किल्ली फिरत न्हाय हे सांगणारा मी. मग पाणी मीच आणाय पायजे."

जावयानं सासुरवाडीला पाणी भरायचं! आमच्याकडे जावई जेवून उठला तर त्याच्या हातावर पाणी घालायलासुद्धा माणूस उभा राहतो. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. "जावयबापू, माझ्या तोंडाला काळं फासू नका," ती काकुळतीनं म्हणाली. दाजींनी घागरी रांजणात ओतल्या आणि दुसऱ्या खेपेला गेले. आईनं ते पाणी लिंबाला घातलं, उरलेलं शेजाऱ्यांच्या म्हशीला पाजलं, आणि स्वतः घागर घेऊन ओढ्याकडे निघाली. असे पंधरा दिवस गेले. सबंध निपाणीत आमच्याइतकं पाणी कुणाच्या घरी येत नसेल आणि आमच्याइतकी टंचाई कुणाच्या घरी नसेल. लिंबाला अवकाळी बहर आला. सोळाव्या दिवशी आईचा गुडघा ओढ्याच्या पायरीवर अडला तो निघेचना. दाजींनीच कावड खाली ठेवून तिला हाताला धरून घरी आणलं. त्या दिवसापासून ती त्यांनी आणलेलं पाणी प्यायला लागली. पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून प्यायची.

दाजींनी अकरा वर्षं पाणी भरलं. पावसात, थंडीत, लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना तेव्हा अंधुकल्या पहाटे चाचपडत. दिवाळीला सकाळी पाणी भरायचे, घरी जाऊन आंघोळ करून कोट घालून जावई म्हणून परत यायचे, आणि आई त्यांना पाटावर बसवून ओवाळायची. याचा अर्थ ते सुधारले होते असा नव्हे. कावडीच्या घागरी चालताना झुलतात, आणि पावलांचा नि झोक्यांचा मेळ बसला की पाणी जास्त सांडतं, हा शोध त्यांनी ओढ्यातच उभं राहून लावला. तो मला पटवून देताना दोन्ही घागरी निम्म्या झाल्या. मी वैतागून म्हणालो, "दाजी, अहो, आईला पाणी पाहिजे, शोध नको." ते म्हणाले, "आणखी एक खेप करतो की."

आणखी एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आक्काचं सासर दोनच गल्ल्या पलीकडे, पण खटलं मोठं. तिला माहेरी यायला सणाशिवाय सवड व्हायची नाही. दाजी घागरी ओतता ओतता आईला सांगायचे, रात्री तिला खोकला आला, धाकट्याचा ताप उतरला, आज तिनं पोळ्यांचा घाट घातलाय. आई काही विचारायची नाही. रांजणाशी उभी राहून नुसती ऐकायची. मी शाळेच्या गडबडीत असायचो, मला वाटायचं, हा माणूस उगाच बडबड करत उभा आहे.

स्वातंत्र्याच्या आदल्या साली म्हातारा पाणाड्या वारला. त्याच्या भावकीतला एक तरुण पाणाड्या मी हातापाया पडून बोलावून आणला. तो तळहातावर नारळ ठेवून जागा बघायचा. आक्कानं दाजींना मुलांची शपथ घातली होती. ते परसाकडे पाठ करून, तोंडात उपरण्याचा बोळा घालून उभे होते. तरुण फिरत फिरत लिंबाच्या झाडापाशी आला, नारळ तळहातावर उभा राहिला, म्हणजे खाली पाणी, आणि मी तो लगेच फोडलाही. गडी खणायला लागले. पाच पुरुष खोलीवर खडक लागला आणि सहाव्या पुरुषावर पाणी आलं. स्वच्छ, थंड, भरपूर. अकरा वर्षांपूर्वी जिथं किल्ली झुलली होती त्याच जागेवर.

दाजी काठाशी आले, वाकून पाण्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला. माझ्या मनात अकरा वर्षांचं साचलेलं सगळं वर आलं. ओढ्याची चढण, आईचा गुडघा, गल्लीतलं हसणं. मी तोंड उघडलं, आणि आईनं माझ्या दंडाला धरलं. मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "गप ऱ्हा. तवा पानी लागलं असतं, तर त्येंनी रोज माझ्या दारात पाय ठेवला असता व्हय? माझ्या पोरीचं रोजचं मला कुनी सांगितलं असतं?" दाजी केव्हा निघून गेले ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कशासाठी येणार? पाणी दारात होतं. आई सकाळी आडावर जायची, दोन घागरी ओढायची, आणि मग कमरेवर हात ठेवून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायची. तिचा गुडघा आता दुखत नव्हता, पण ती जेवत नव्हती. पाचव्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा ती दारात आडवी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाता जाता जावयबापूंच्याकडं हूनच जा. म्हनावं, नवा रहाट फिरताना कायतरी आडाखळतोय. मास्तराला त्यातलं काय कळत न्हाय. तुमीच येऊन बघा. रोज बघाय लागंल म्हनावं."

रहाटाला काहीही झालेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळीच मी त्याला तेल घातलं होतं, आणि तेव्हा कंदील धरून आई माझ्याशेजारी उभी होती. शाळेला उशीर होणार हे मला दिसत होतं. मी छत्री काखेत मारली आणि आक्काच्या घराकडे वळलो.